मोडीत जाण्यापूर्वी वाचलेले घर

मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, 1922 साली लोकांसाठी खुले झाले. मूर्ती, लघुचित्रे, नाणी, शस्त्रे असा त्याचा थाट. संग्रहालयात काय ठेवावे, या प्रश्नाचे त्या काळचे उत्तर त्यात दिसते: जे राजाचे असेल, देवाचे असेल किंवा फार प्राचीन असेल ते. साधारण त्याच वर्षांत पुण्यात घरचा चष्म्यांचा व्यवसाय सांभाळणारा एक तरुण कवी अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती आणि टाचा घासायच्या वज्र्या विकत घेत हिंडू लागला होता. माळ्यावर धूळ खात पडलेल्या या वस्तूंसाठी कोणी पदरचे पैसे मोजतो, याचेच तेव्हा लोकांना नवल वाटले असणार. दिनकर गंगाधर केळकर हे त्या कवीचे नाव. कविता ते ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत.

केळकरांचा जन्म 1896 चा. 1920 च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा संग्रह 1960 पर्यंत सुमारे 15,000 वस्तूंवर गेला. 1975 मध्ये त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, म्हणून ते ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. पत्नी कमलाबाई या सगळ्या खटाटोपात त्यांच्या बरोबरीने होत्या. 1990 मध्ये केळकर वारले. आज संग्रहात 20,000 हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे 2,500 मांडलेल्या आहेत. बाजीराव रस्त्यालगत नातूबागेतल्या त्या तीन मजली इमारतीत जे दिसते, ते एकूण संग्रहाच्या आठव्या हिश्श्याएवढेच आहे.

पुण्याला येणारा पाहुणा शनिवारवाडा, सारसबाग करून झाल्यावर इथे येतो, तासाभरात तिन्ही मजले पालथे घालतो आणि मस्तानी महालापाशी फोटो काढून बाहेर पडतो. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला मस्तानीसाठी महाल बांधला होता. त्याचे उरलेसुरले अवशेष केळकरांनी आणून इथे पुन्हा उभे केले. ते दालन देखणे आहेच. पण या संग्रहालयाचे खरे मोल मला त्या महालात दिसत नाही. राजवाड्याचे खांब कोणी ना कोणी जपले असते. वज्री मात्र जपायची असते हे आधी कोणाला तरी सुचावे लागते.

घरगुती वस्तू टिकत का नाहीत, याची कारणे साधी आहेत. तांब्या-पितळेच्या भांड्याला वजनावर किंमत येते. भांडे चेपले, गळू लागले किंवा जुनाट दिसू लागले की ते मोडीत जाते. मोड वितळते, तिचे नवे भांडे होते. आपल्या घरांत शतकानुशतके हेच चालत आले. आज एखाद्याच्या घरात असलेल्या पितळी पातेल्यात पणजीच्या पणजीच्या घागरीचा अंश असेल, पण घागर उरलेली नसते. लाकूड वाळवी खाते, नाहीतर शेवटी ते बंबात जाते. बांबूचे सूप, रोवळी, टोपली चार-सहा वर्षांत झिजते. मातीचे मडके फुटते. देवळातली मूर्ती कोणी वितळवत नाही आणि ताम्रपट तर जपून ठेवण्यासाठीच कोरलेला असतो. स्वयंपाकघरातल्या वस्तूला असे कोणतेच संरक्षण नव्हते. त्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील आले. चिंचेने घासायला नको, कल्हई लावायला नको, वजनाला हलके. लाखो घरांनी पितळ देऊन स्टील घेतले. ज्या बाईच्या हातांना रोज ढीगभर भांडी घासावी लागत, तिला याबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण त्या अदलाबदलीत आपल्या घरांचा दोन-तीनशे वर्षांचा दस्तऐवज भट्टीत गेला. केळकरांनी त्याच्या आधीची चाळीस वर्षे वापरली, हे त्यांचे मोठे द्रष्टेपण.

या संग्रहातल्या बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. म्हणजे राजवटी बदलल्या, पेशवाई गेली, कंपनी सरकार आले, त्या काळात घरात दिवेलागण कशी होत होती, सुपारी कशी कातरली जात होती, हे इथे समोर मांडलेले आहे.

दिव्यांपासूनच पाहू. समया, लामणदिवे, हातात धरायचे दिवे, हत्तीच्या, मोराच्या, स्त्रीच्या आकृतीचे दिवे असे इतके प्रकार आहेत की पाहणारा कलाकुसरीतच हरवतो. आधी त्यांचे काम समजून घ्यावे. कापसाची वात तेल वर ओढते. तंतूंमधल्या बारीक फटींतून द्रव आपोआप चढतो. टोकाशी तेल तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. एका वातीचा उजेड फार थोडा. तो वाढवायचा तर वाती वाढवायच्या, म्हणून समईला एकाऐवजी पाच-सात वातींच्या चोची. उजेड जितका उंचावर तितका लांब पोचतो, म्हणून समईचा दांडा उंच आणि लामणदिवा साखळीने टांगलेला. शिवाय घासूनपुसून लख्ख केलेले पितळ ज्योतीचा उजेड परतवते, हाही एक फायदा. भिंतीत दिवा ठेवायला दिवळी असे आणि तिच्या वरचा भाग काजळीने काळा पडलेला असे.

तेल मात्र फुकट येत नव्हते. घाटावर करडई, एरंड, करंज, कोकणात नारळ आणि उंडी, असे जिथे जे पिकेल त्याचे तेल. खाण्याचे आणि जाळण्याचे तेल पुष्कळ घरांत एकाच घाण्यावरचे. तेव्हा दिवा किती वेळ तेवत ठेवायचा, हा घरखर्चाचा प्रश्न होता. लवकर जेवणे, लवकर निजणे, पहाटे उठणे या जुन्या दिनक्रमामागे शहाणपण असेल, पण तेलाचा हिशेबही होता. काडेपेटी येण्यापूर्वी तर आग पेटवणे हेच काम होते. चकमक आणि गारगोटी सगळ्यांना जमत नसे, म्हणून रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचा आणि तो विझलाच तर सकाळी शेजारून विस्तव मागून आणायचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉकेल आले आणि ही सगळी घडी बदलली. रॉकेल पातळ असल्यामुळे वातीतून झरझर चढते. काच लावली की ज्योत वाऱ्याने विझत नाही, शिवाय हवा नीट खेळती राहून उजेडही वाढतो. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोचला. कंदिलाच्या उजेडात मुले रात्री अभ्यास करू लागली. समई उजेडाच्या कामातून निवृत्त झाली आणि देवघरापुरती राहिली. आज समई पाहिली की आपल्याला पूजा, उद्घाटन, मंगलकार्य आठवते. ती एके काळी माजघरातली कामाची वस्तू होती हे आपण विसरलो आहोत. एखाद्या वस्तूचे काम संपले की तिला एक तर मोडीत जावे लागते किंवा देवघरात, असे मला हे दालन पाहताना वाटते.

अडकित्त्यांचे दालन माझ्या विशेष आवडीचे. कच्ची सुपारी सुरीने कापता येते, पण वाळलेली, भाजलेली सुपारी दगडासारखी कठीण. ती नुसत्या बळाने कापू गेले तर उडते, नाहीतर बोट कापते. अडकित्त्यात दोन दांडे एका टोकाला खिळीने जोडलेले असतात, सुपारी खिळीजवळ आणि हात दुसऱ्या टोकाला. ही तरफ आहे. समजा, खिळीपासून हाताचे अंतर 15 सेंटिमीटर आहे आणि सुपारीचे 2 सेंटिमीटर, तर हाताच्या जोराच्या साडेसातपट जोर सुपारीवर येतो. म्हणून म्हाताऱ्या आजीलाही खांडे सहज करता येत. पाते पोलादी असते आणि दांडे बहुधा पितळी, कारण धार पोलादच धरते आणि पितळेत हवा तो आकार ओतता येतो. त्या सोयीचा कारागिरांनी मनसोक्त उपयोग करून घेतला आहे. दोन दांड्यांचे दोन देह झाले: कुठे स्त्री-पुरुषांची जोडी, कुठे घोडा, कुठे पोपट. काही जोड्या चांगल्याच शृंगारिक आहेत. जेवणानंतर ओटीवर बसलेल्या मंडळींच्या हातात ही वस्तू फिरत असे, तेव्हा आपण समजतो तितके ते घर सोवळे नव्हते.

पानाचा सरंजामही मोठा. पानांना ओलसर ठेवणारा डबा, सुपारी, कात, लवंग, वेलची यांचे कप्पे आणि चुन्याची डबी मात्र स्वतंत्र, घट्ट झाकणाची. भिजवलेला चुना उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो. शिवाय तो बाकीच्या जिनसांना लागला तर त्या खराब होतात. त्या डबीचे झाकण घट्ट का, यामागे एवढे रसायनशास्त्र आहे. पान लावणे हा आदरातिथ्याचा भाग होता, निमंत्रणाचा होता, करार पक्का झाल्याची खूण होता. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो हे आता सिद्ध झालेले आहे, तेव्हा हा सरंजाम काचेच्या कपाटातच राहिलेला बरा.

आता वज्री. तळहातावर मावेल एवढी पितळी वस्तू. खालचा भाग खवलेदार, त्याने टाचा घासायच्या. वर धरायला जागा, आणि त्या जागेवर मोर, हत्ती, पोपटांची जोडी, मनुष्याकृती. काहींच्या पोटात बारीक खडे, घासताना खुळखुळ आवाज व्हावा म्हणून. हिच्यापुढे थोडे थांबून पाहावे. अनवाणी चालणाऱ्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर दिवसभर वावरणाऱ्या, आडावरून पाणी आणणाऱ्या पायांच्या टाचा भेगाळत. त्यासाठी नुसता खरबरीत दगडही चालला असता आणि बहुतेक घरांत तोच असे. पण कोणीतरी न्हाणीघरात वापरायच्या, चारचौघांत कधीच न येणाऱ्या या वस्तूवर मोर घडवला. तो पाहुण्यांना दाखवायचा नव्हता. आंघोळीच्या त्या चार मिनिटांत ज्या बाईला जरा उसंत मिळत असे, तिच्यासाठी होता. आपल्या घरांतल्या सौंदर्यदृष्टीचा इतका निर्मळ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

फणेरपेटी पाहताना मात्र मन जड होते. लाकडी पेटी, झाकणाच्या आत आरसा, कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. कुंकू कोरडे, ते कपाळावर टिकावे म्हणून आधी मेणाचे बोट टेकवायचे आणि त्यावर कुंकू. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, हे या कुंकवाचे रसायन. पेटी मुलीबरोबर सासरी जाई. ज्या घरांत विधवेचे केशवपन होत असे, त्या घरांत नवरा गेल्या दिवशी आरसा, फणी, कुंकू या तिन्हींचा तिचा हक्क संपे. ती चौदा वर्षांची असली तरीही. कपाटातल्या किती पेट्या अशा मध्येच मिटल्या असतील, ते पेटीवरून कळत नाही. करंड्यांवरची नक्षी पाहताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

संग्रहालयात सगळ्या वस्तू आपल्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेल्या असतात. त्याला इलाज नाही, पण त्यामुळे एक गोष्ट नजरेतून निसटते. जुने मराठी घर जमिनीवर बसलेले घर होते. विळी जमिनीवर, तिच्या पाटावर पाय देऊन बसायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पाटा-वरवंटा जमिनीवर. जाते जमिनीवर, चूल जमिनीवर, जेवणाचा पाट जमिनीपासून दोन बोटे वर. दिवसभर बसायचे आणि उठायचे. म्हणून विळीला पाट असतो आणि सुरीला नसतो. म्हणून उखळ जमिनीत पुरलेले आणि मुसळ उभ्याने धरण्याइतके उंच. पुढे शहरांत स्वयंपाकाचा ओटा आला, आणि कंबरेच्या उंचीवर गेलेल्या त्या स्वयंपाकघरात या वस्तूंना जागाच राहिली नाही. विळी टिकली ती हट्टाने, कारण नारळ खवायला आणि पालेभाजी बारीक चिरायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. तेव्हा कपाटासमोर उभे असताना ही वस्तू मुळात कोणत्या उंचीवर होती, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा. तिच्यापुढे बसलेली व्यक्ती लगेच दिसू लागते.

धातूंची निवडही डोळसपणे केलेली असे. तांबे मऊ असते. पत्र्यावर हातोडीचे ठोके देत गेले की ते टणक होते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पडणाऱ्या त्या चकचकीत टिकल्यांना आपण नक्षी समजतो, पण त्यांनी भांड्याला बळकटी येते. फार ठोकले तर धातू कडक होऊन तडकतो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करून घ्यावा लागतो. तांब्यात जस्त मिसळले की पितळ, कथील मिसळले की कासे. काशात साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. ते कठीण, नाद देणारे, पण आपटले तर फुटणारे. म्हणून काशाची ताटे-वाट्या होत. रोज आपटली जाणारी घागर काशाची नसे. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी अजून काही घरांत आहे.

पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, कारण आंबटातले आम्ल तांब्याला आणि जस्ताला खाते. त्यावरचा उपाय कल्हई. भांडे तापवायचे, नवसागर टाकून आतला गंज उडवायचा आणि कथिलाचा तुकडा फिरवून कापसाने सारखा पसरवायचा. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, पितळ त्याच्या कितीतरी वर, म्हणूनच हे गल्लीतल्या भात्यावर जमते. कपाटातल्या भांड्याच्या आत डोकावून पाहिले तर कुठे पांढुरका थर, कुठे त्याखालून उघडे पडलेले पितळ दिसते. बुडाला ठिगळ, कडीला नवी खिळी, काठाला घसपटलेली जागा यांकडेही लक्ष द्यावे. कारागिराने भांडे एकदाच घडवलेले असते. या खुणा वापरणाऱ्यांनी पुढची पन्नास वर्षे घडवलेल्या असतात.

आणि नावे. मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. कोणी दिले, कोणाला दिले, कशानिमित्त, कोणत्या साली. बोथट खिळ्याने ठोकून ठोकून घातलेली बारीक टिंबांची अक्षरे. लग्नातल्या पंगतीत सगळ्यांची भांडी एकत्र होत, ती ओळखता यावीत हा व्यवहार. पण आज ती अक्षरे म्हणजे लेखच. ज्या बायकांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, दप्तरात नव्हते, त्यांचे नाव परातीच्या काठावर सापडते.

धान्याची मापे हाही असाच एक वाचण्याजोगा विषय. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. सगळा कारभार निम्मे आणि दुप्पट यांवर चालतो. ज्याला लिहिता येत नाही, त्यालाही निम्मे कळते. शंभराचे दहा भाग करणे अवघड, पण एका मापाचे दोन सारखे भाग डोळ्यांनी करता येतात. अडचण एवढीच की या गावचा शेर त्या गावच्या शेराशी जुळेलच असे नाही, आणि सावकार घेताना एक माप आणि देताना दुसरे वापरू शकत असे. 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत ही मापे बाजारातून गेली. घरात मात्र तांदूळ मोजायला मापटे बरेच दिवस राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. केळकरांसारखा संग्राहक कितीही चौफेर असला तरी त्याला तेच मिळते जे टिकले आहे, आणि टिकते ते धातूचे, कोरीव, पैसेवाल्या घरातले. कोरलेले दरवाजे, चांदीची पानदाने, पितळी मोर हे वाड्यांतून आले. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत मडकी, गाडगी, एखादे जर्मनचे पातेले, सूप, केरसुणी आणि घोंगडी होती. ज्यांनी केरसुण्या वळल्या, दोरखंड वळले, सुपे-टोपल्या विणल्या, मडकी घडवली, त्या मातंग, बुरूड, कुंभारांची घरे आतून कशी होती, हे कपाटांतून फारसे कळत नाही. अस्पृश्य मानलेल्यांना ज्या तांब्याने पाणी हातात दिले जात नव्हते, वरून ओतले जात होते, तो तांब्या दिसायला इतर तांब्यांसारखाच असतो. त्याच्याशी जोडलेली वागणूक कपाटात मांडता येत नाही. काही गोष्टी तर हलवताच येत नाहीत. भिंतीतच बांधलेले धान्याचे बळद, जमिनीखालचे पेव, दाराशी रचलेली गाडग्यांची उतरंड हे घराबरोबर गेले. म्हणून या संग्रहालयातून बाहेर पडताना ‘असे होते जुने घर’ असे म्हणू नये. जुन्या घरांपैकी काहींचे हे उरलेले सामान आहे.

दगडी जात्याची कहाणी या उणिवेवर थोडा उतारा देते. जाते हा संग्रहालयात दाखवायला सर्वांत कठीण प्रकार. दोन दगड, एक खुंटा, मधे वैरणीचे तोंड. झिजले की पाते गुळगुळीत होऊन दाणा नुसता चेंगरतो, मग टाकी लावून पुन्हा खरबरीत करून घ्यायचे. एवढे सांगून झाले की संपले. पण पहाटे त्यावर बसून बायका जे गात, ते या दगडात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बायका बहुतेक कष्टकरी आणि गरीब, अनेक दलित. सासर, भाऊ, पंढरी, नवऱ्याचा मार, आंबेडकर, असे सगळे त्यांत आले आहे. पिठाची गिरणी गावात आली तसे जाते थांबले आणि ओव्याही थांबू लागल्या. त्या वेळेवर टिपल्या गेल्या. एकाने वस्तू गोळा केल्या, दुसऱ्यांनी आवाज गोळा केले. घराचा इतिहास या दोन्ही संग्रहांशेजारी बसून वाचायला हवा, आणि माझ्या मते ओव्यांचा संग्रह वस्तूंच्या संग्रहाइतकाच मोलाचा आहे.

लोकांचे राहणीमान जपण्याची ही कल्पना जगात इतरत्रही अशाच एकेका माणसाच्या ध्यासातून उभी राहिली. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी 1891 साली स्टॉकहोमला स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले आणि शेतकऱ्यांची घरे अख्खी उचलून तिथे आणून उभी केली. आपल्याकडे अहमदाबादला ‘विशाला’च्या आवारात 1981 मध्ये भांड्यांचे ‘वेचार’ संग्रहालय झाले. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’मध्ये शेतीची आणि घरकामाची अवजारे जमवली. या प्रत्येक ठिकाणी एकच क्रम दिसतो: वस्तू वापरातून जाते, तिची अडगळ होते, आणि मोडीत जाण्याआधीच्या थोड्याशा काळात कोणीतरी ती उचलतो. तो काळ फार तर एका पिढीचा असतो.

आपल्या बाबतीत तो काळ संपत आला आहे. रोवळी, फणेरपेटी, बळद, कोळवे हे शब्द ज्यांनी वस्तूंसकट ऐकले ती माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. म्हणून केळकर संग्रहालयात जाल तेव्हा मुलांना न्याच, पण शक्य असेल तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या. पाटीवर ‘सोऱ्या, पितळ, एकोणिसावे शतक’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो कसा धरायचा, पीठ किती घट्ट मळायचे आणि दिवाळीच्या आधी तो कोणाच्या घरून मागून आणावा लागे, हे ती सांगेल. ते फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. आणि घरी माळ्यावर जे काही उरले आहे, त्यावरचे नाव नीट वाचून घ्या, वहीत लिहा, ते कोणाचे, कुठून आले, कशासाठी वापरत, हे विचारून त्याखाली नोंदवा, भांड्याचा फोटो काढा. एवढे झाल्यावर ते मोडीत द्यायचे की ठेवायचे, ते ठरवा.